छातीवरचा रक्तगट

सोमवारी संध्याकाळी कामावरून आलो तर घरात दोघी गप्प. एक माझी बायको आणि दुसरी माझी लेक, वय वर्षं चौदा. लेकीला मी मॅनेजरबाई म्हणतो, कारण पंखा किती नंबरवर फिरणार इथपासून मी कुठला शर्ट घालणार इथपर्यंत घरातलं सगळं तीच ठरवते.

बायको शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, शेजारी कापडांचा ढीग. त्या दिवशी लेकीच्या शाळेच्या स्कर्टची उंची वाढवायची होती. बायको तोंडात टाचण्या धरून जमिनीवर बसली होती आणि लेक खांबासारखी उभी होती. आईनं "वळ" म्हटलं की वळायची, "थांब" म्हटलं की थांबायची. एरवी हिचं "टोचतंय, टोचतंय" जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत ऐकू येतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," दोघी म्हणाल्या. आमच्या घरात दोघींचं एकमत झालं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

जेवताना पोरगी माझ्या कानांकडे बघत होती. मग नाकाकडे. मग स्वतःचा अंगठा उलटा वळवून माझ्या अंगठ्याकडे. माझी चिडचिड व्हायला लागली. दिवसभर कारखान्यात लोक माझ्या तोंडाकडे बघत असतात, घरी निदान ताटाकडे तरी बघावं.

"काय बघतेस गं?"

"तुमच्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या आहेत," ती म्हणाली आणि उठून हात धुवायला गेली.

तुमच्या! बोलायला लागल्यापासून जी मुलगी मला "ए बाबा" म्हणत आली, ती मला तुम्ही-आम्ही करत होती. मी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "वय आहे तिचं. तुम्ही जेवा."

आता माझ्या कार्डाबद्दल सांगायला हवं. दारांच्या बिजागऱ्या आणि कड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रेस खात्याचा फोरमन आहे. पत्र्यावर दाब पडतो, तुकडा बाहेर येतो. मध्ये बोट आलं तर बोटही बाहेर येतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या छातीवर ओळखपत्र असतं आणि त्यावर लाल चौकोनात रक्तगट. माझ्या चौकोनात एबी पॉझिटिव्ह. कार्ड नसेल त्याला मी आत पाऊल टाकू देत नाही. "उद्या हात अडकला तर दवाखान्यात कोण बोलणार? तू बेशुद्ध असशील. तुझं कार्ड बोलणार आहे, गाढवा!" हे माझं वाक्य खात्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मागे माझी नक्कल करून ते म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी एकजण दुसऱ्याचं कार्ड लावून आला, तर मी त्याला आठ दिवस घरी बसवला. त्याची बायको विनवण्या करायला फाटकाशी आली होती. मी बधलो नाही.

रविवारी लेकीनं ते कार्ड माझ्याकडून मागून घेतलं होतं. शाळेत रक्तगटाचा तक्ता करायचा आहे म्हणाली. बायकोनं तिच्या बाळंतपणाचा जुना कागद काढून दिला, त्यावर ए. मी मोठ्या रुबाबात कार्ड दिलं. "नीट उतरव. डॉक्टरची सही आहे त्याच्यावर," असंही वर सांगितलं.

मंगळवारी सकाळी पेन शोधताना टेबलावर तिची विज्ञानाची वही उघडी दिसली. पहिल्या पानावर खोटं खोटं प्रकरण होतं: एका दवाखान्यात दोन बाळांची अदलाबदल झाली, रक्तगटावरून कोणतं बाळ कुणाचं ते ओळखा. तिनं ते मस्त सोडवलं होतं. शेजारी बाईंचा लाल शेरा, "उत्तम". पुढच्या पानावर मथळा होता: "माझे घर". आई ए. वडील एबी. मी ओ, वर्गात तपासलेला. खाली चौकोनांचा तक्ता. आईकडून काय येऊ शकतं, वडलांकडून काय येऊ शकतं, मिळून मूल काय होऊ शकतं. ए, बी, एबी. ओ कुठेच नव्हता. तिनं तोच तक्ता चार वेळा मांडला होता आणि चारही वेळा खोडला होता. शेवटच्या वेळी रबर एवढा घासला होता की कागदाला भोक पडलं होतं.

मी फोरमन आहे, तक्ता मला वाचता येतो. बापाकडून एक तर ए येणार नाही तर बी येणार. ओ व्हायला बापाकडे ओ असायला हवा. एबीवाल्याकडे तो नसतोच. माझ्या पोरीनं भूमितीच्या शांतपणानं सिद्ध केलं होतं की मी तिचा बाप नाही. म्हणजे आईनं काय केलं असणार, तेही सिद्ध झालं होतं. म्हणून ती खांबासारखी उभी होती.

आणि चूक कुठे आहे ते मला त्याच क्षणी कळलं. ते एबी माझं नव्हतंच.

मला सुईची भीती वाटते. साधीसुधी नाही. लहानपणी शाळेत लस टोचायला आले तेव्हा मी बाकाखाली घुसलो होतो आणि तिथून ओढून काढल्यावर बेशुद्ध पडलो होतो. एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्यात लागताना तपासणी होती. रांगेत माझ्यामागे माझा दोस्त फुग्या. गाल फुगलेले म्हणून फुग्या. माझे पाय लटपटायला लागलेले बघून तो म्हणाला, "आण तुझा कागद." आणि तो दोनदा आत गेला. एकदा स्वतः म्हणून, एकदा मी म्हणून. नर्सनं कागदाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं नाही. रक्त दिल्यावर बिस्किटाचा पुडा मिळायचा, तो माझ्या वाटचाही त्यानंच खाल्ला. तेव्हापासून मी फुग्याचं रक्त छातीवर लावून फिरतोय आणि लोकांना कार्डाचं महत्त्व शिकवतोय.

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. बायको मशीनवर दोरा ओवत होती, लेक वेणी घालत होती. एक मिनिटाचं काम. पण कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय, खोटी माहिती दिल्यास कामावरून काढण्यात येईल. शिवाय आठ दिवस घरी बसवलेला तो माणूस डोळ्यांपुढे आला. त्याला हे कळलं तर? सगळ्या खात्याला कळलं तर? मी वही होती तशी ठेवली, पेन न घेताच कामावर गेलो आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिलो.

त्यातून मला एक भन्नाट कल्पना सुचली: शाळेची तपासणीच चुकीची ठरवायची.

बुधवारी अर्धी सुट्टी टाकून शाळेत गेलो. विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत काचपट्ट्या पुसत होत्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बाहीला खडूची पूड, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी ओळख सांगितली आणि एकदम तोफ डागली.

"तुमच्या बाटल्या जुन्या आहेत."

त्यांनी बाटल्या आणून समोर ठेवल्या. एक निळी, एक पिवळी. त्यावरची तारीख दाखवली. अजून पाच महिने शिल्लक होते.

"मग पोरांनी काचा नीट धुतल्या नसतील."

"पुन्हा करू या," बाई म्हणाल्या आणि लेकीला वर्गातून बोलावलं.

ती आली. मला बघून तिचा चेहरा पडला. तिनं बोट पुढे केलं. बाईंनी टोचलं तेव्हा मी खिडकीबाहेर झाडाची पानं मोजत होतो. नवीन काच, तिच्यावर रक्ताचे दोन थेंब. एकात निळ्या बाटलीतलं औषध, एकात पिवळ्या बाटलीतलं. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी. काडीनं ढवळून बाईंनी काच हलवली. दोन्ही थेंब तसेच राहिले, गुळगुळीत. तिसरी एक बाटली पॉझिटिव्ह-निगेटिव्हची होती, पण तिच्याशी आमचं भांडण नव्हतं.

"ओ," लेक म्हणाली. बाईंनी सांगायची वाटही बघितली नाही.

मग मी बाईंना फैलावर घेतलं. घरातल्या माणसांची रक्तं वर्गात कशाला आणायची? तुम्हाला पोरं आहेत का? तुम्हाला अक्कल आहे का? शेवटी बाई म्हणाल्या, "माझं चुकलंच. तिनं हात वर करून विचारलं, वडील एबी असतील तर मूल ओ होईल का? मला वाटलं, ती त्या दोन बाळांबद्दल विचारतेय. मी म्हटलं, कधीच नाही. तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आणखीच राग आला, कारण ज्याच्यावर ओरडतोय तो माणूस इतक्या सरळपणे चूक कबूल करायला लागला की ओरडण्यात काही राम राहत नाही.

"लाखात एखाद्याचं असं असतं," बाई म्हणाल्या, "की नियम लागू पडत नाही."

"बघ! तेच असणार!" मी लेकीला म्हणालो.

लेक टोचलेल्या बोटावर कापूस दाबत राहिली.

"पण त्याआधी साधी गोष्ट करू," बाई म्हणाल्या. "तुमचा रक्तगट नक्की एबी आहे का? कार्डांवर चुका असतात. आत्ता बघू या. एक मिनिट लागेल."

त्यांनी नवीन सुई कागदातून काढली. लेकीनं तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिला मी हो म्हणायला हवा होतो. आणि मी काय म्हणालो?

"कंपनीचं कार्ड आहे! डॉक्टरची सही आहे त्याच्यावर! तुमच्या दोन बाटल्यांवर विश्वास ठेवू, की डॉक्टरवर?"

आणि तरातरा बाहेर पडलो. फाटकाशी आल्यावर लक्षात आलं, मला जो धागा हवा होता तोच बाईंनी हातात दिला होता. कार्डावर चूक असू शकते! बोट पुढे केलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण सुई बघितली आणि डोकं बंद पडलं. स्वतःवर एवढा वैतागलो की फाटकाला लाथ मारली. माझ्याच अंगठ्याला लागलं.

गुरुवारी संध्याकाळी बायकोनं चहा माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः समोर बसली. मशीन बंद होतं. दिवसाउजेडी ते मशीन बंद दिसलं की कुणीतरी आजारी आहे असं समजावं.

"तिनं आज मला विचारलं," ती म्हणाली, "माझे वडील कोण आहेत म्हणून. मी चेन लावत होते एका कपड्याला. मला आधी समजलंच नाही. मग तिनं वही दाखवली."

मी कपाकडे बघत राहिलो.

"तुम्ही काल शाळेत जाऊन आलात. मला बोलला नाहीत."

"शाळेतले लोक काहीही करतात. त्यांच्या बाटल्या..."

"मी शाळेचं नाही विचारलं. तुम्हाला काय वाटतं?"

मी वर बघितलं. ती सरळ माझ्याकडे बघत होती. सोळा वर्षांच्या संसारात या बाईनं मला एकदाही खोटं सांगितलेलं नाही. उलट जे ऐकायचं नसतं तेही सांगते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की कार्ड खोटं आहे, मी खोटं केलंय. शब्द ओठापर्यंत आले होते. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो आणि मनात आकडेमोड करत होतो: हिला सांगितलं तर ही लेकीला सांगणार, लेक बाईंना सांगणार, बाईंच्या वर्गात माझ्या खात्यातल्या दोघांची पोरं आहेत. मशीनवर एक बाही जोडून होईल एवढा वेळ मी गप्प होतो.

"बरं," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. माझा चहा अजून प्यायचा होता.

मी घराबाहेर पडलो तो थेट फुग्याकडे. त्यानं कारखाना कधीच सोडला. कोपऱ्यावर त्याचं सायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. तो एक चाक पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की चाक हातातून निसटून पाणी माझ्या पँटवर उडालं.

"म्हणजे तुझं बायकोशी वाजलंय माझ्या रक्तामुळे!" तो म्हणाला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "अरे, सांग ना वहिनींना. आत्ताच्या आत्ता जा."

"नोकरी जाईल."

"एकोणीस वर्षांनी? तुला काढलं तर तो प्रेस चालवणार कोण? नोकरीची भीती नाही तुला. लोक हसतील याची भीती आहे."

"तुला काय जातंय बोलायला?"

"मला काही जात नाही. मी तर रक्तही दिलंय," फुग्या म्हणाला आणि पुन्हा चाकाकडे वळला.

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी त्याच्याशी भांडून निघालो.

घरी आलो तर बायको मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "मी विचार केला. तिघांपैकी एकाचं चुकलंय. तिचं दोनदा तपासून झालं. माझं काय ते मला माहीत आहे, तरी तपासून घेते. उरलात तुम्ही. मी बाईंना फोन केलाय. उद्या सुट्टी टाका."

"शाळा सुटल्यावर जाऊ. कुणी नसताना."

"नाही. ज्या वर्गात हसले, त्याच वर्गात."

"अगं, पण सुई..."

"डोळे मिटून घ्या," ती म्हणाली.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला आम्ही दोघं प्रयोगशाळेत उभे होतो, समोर पस्तीस पोरं. बायकोनं तिची ठेवणीतली निळी साडी नेसली होती. तिनं पहिल्यांदा बोट पुढे केलं आणि टोचताना पोरांकडे बघत राहिली. निळ्या थेंबात गुठळ्या झाल्या. ए. "कागदाप्रमाणेच," ती मोठ्यानं म्हणाली.

मग माझा नंबर. मला एका बुटक्या स्टुलावर बसवलं. बाई म्हणाल्या, सुई मी टोचते. लेक म्हणाली, "मी टोचणार." तिनं माझं बोट कापसानं पुसलं, घट्ट धरलं. तिचा हात थंड होता. मी डोळे मिटले. तुम्ही हसाल, पण मला कानात शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. मग टच् झालं, आणि कुणीतरी माझी मान खाली दाबून धरली. ती बायको होती.

डोळे उघडले तेव्हा लेक काच हलवत होती. निळ्यात काही नाही. पिवळ्यात दह्यासारख्या गुठळ्या.

"बी," ती म्हणाली. मग ओरडून, "बी!"

ती फळ्याकडे धावली. आई ए, पण तिच्यात लपलेला ओ. वडील बी, पण त्यांच्यात लपलेला ओ. चार चौकोन काढले. एबी, ए, बी, आणि चौथ्यात ओ. खडू एवढ्या जोरात दाबला की तुटला. पोरांनी बाकं वाजवली. लेकीनं सगळ्यांसमोर आईला मिठी मारली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मग रडता रडताच माझ्याकडे वळली. "ए बाबा, तू पांढराफटक पडलायस. पाणी आणू?"

माझा जीव भांड्यात पडला. फक्त "ए बाबा" ऐकायला मी आणखी दहा बोटं पुढे केली असती.

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "बाई, म्हणजे हे नक्की तिचे वडील, असं सिद्ध झालं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "रक्तगट फक्त 'अशक्य आहे' एवढंच सांगू शकतो. 'नक्की आहे' असं तो सांगत नाही."

"ते मी सांगते," बायको म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. या वेळी ती हसली म्हणून हसला.

निघताना बाई म्हणाल्या, "कार्डावर नोंदवताना चूक झाली असणार. होतं असं." आणि मी, देवाशपथ, मान डोलावून म्हणालो, "हो ना, एवढे कागद असतात त्या लोकांकडे." किती सहज निघालं तोंडातून! मी सुटलो होतो. कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी घर पुन्हा घरासारखं झालं होतं. मशीन चालू, पंखा मॅनेजरबाईंच्या हुकमाप्रमाणे तीनवर. लेक जमिनीवर पालथी पडून वही पूर्ण करत होती. शेवटी दोन मथळे होते. "निष्कर्ष", तो तिनं पान भरून लिहिला होता. आणि "त्रुटीचे कारण". त्याखाली पालकांच्या सहीची जागा.

"त्रुटीचं कारण, कारखान्यातल्या नर्सचा हलगर्जीपणा," तिनं वाचून दाखवलं. "बरोबर ना बाबा?"

"नर्सच कशावरून?" मी म्हणालो.

"रक्त तिनंच घेतलं असेल ना? आई, आपण कारखान्याला पत्र लिहू या. तिला कळायला पाहिजे तिनं काय केलं ते."

"लिहायलाच हवं," बायको म्हणाली. मशीन थांबलं. "पत्र कशाला, मला तिला भेटायचंय. ती अजून आहे का हो तिथे? चार दिवस या पोरीनं माझ्याकडे कसं बघितलं, ते मला तिच्या तोंडावर सांगायचंय. बाई माणूस आहे, कळेल तिला."

ती नर्स अजून आहे. केस पांढरे झालेत. गेल्या महिन्यात माझं नख उखडलं तेव्हा तिनंच पट्टी बांधली, आणि मी बघू नये म्हणून माझ्याशी सगळा वेळ गप्पा मारत होती.

"सही कर ना बाबा," लेकीनं वही आणि पेन माझ्यासमोर सरकवलं. नर्सच्या ओळीखाली माझ्या सहीसाठी टिंबं काढली होती.

मी पेन उघडलं. बंद केलं. "नर्सची चूक नाही," मी म्हणालो. "मी रक्त दिलंच नव्हतं. माझ्या नावावर फुग्यानं दिलं. मला सुईची भीती वाटत होती."

एकदा सुरू झाल्यावर सगळंच सांगून टाकलं. रांग, कागद, बिस्किटाचा पुडासुद्धा. मला वाटलं होतं की बिस्किटांवर तरी दोघी हसतील.

"तुम्हाला हे कधी आठवलं?" बायकोनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, एखाद्या गिऱ्हाइकाला कपडा कधी हवाय असं विचारावं तसा.

खोटं बोलता आलं असतं. आत्ता आठवलं, वर्गात आठवलं, काहीही. "मंगळवारी," मी म्हणालो. "सकाळी. वही बघितली तेव्हा."

"मंगळवारी," ती म्हणाली. "काल मी तुम्हाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. तुम्ही किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत होतात. मला वाटलं, इतक्या वर्षांनी हा माणूस माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधतोय. मी काल जेवले नाही, ते तुमच्या लक्षातही आलं नाही."

"मी तसलं काही शोधत नव्हतो गं. तुझ्यावर एक क्षणसुद्धा संशय घेतला नाही. शपथ."

"मग काय करत होतात?"

उत्तर मला माहीत होतं. मी सुटका शोधत होतो. ते ऐकून तिला बरं वाटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. संशय घेतला असता तर निदान तो तिच्याबद्दल विचार तरी झाला असता. त्या सगळ्या वेळात ती माझ्या डोक्यात नव्हतीच. मी गप्प राहिलो, आणि हे गप्प राहणं कालच्यासारखंच दिसत असणार, हेही मला कळत होतं.

तिनं मशीनकडे तोंड फिरवलं. पायडल दाबलं नाही. नुसती बसून राहिली, हात कापडावर ठेवून.

लेकीनं वही स्वतःकडे ओढली. रबर घेतला आणि नर्सची ओळ पुसली, हळूहळू, कागद फाटू नये अशी. मग पेननं एकच शब्द लिहिला आणि वही पुन्हा माझ्यापुढे केली.

त्रुटीचे कारण : वडील.

"सही करा," ती म्हणाली.

मी सही केली, आणि खाली तारीख घातली.